बडेबाबूंचा भुतांचा तक्ता

बडेबाबू उजव्या हाताची पाची बोटं टेबलावर पसरून ठेवायचे, डाव्या हाताचा अंगठा तेवढा हवेत उभा धरायचे आणि समोरच्याला म्हणायचे, "पाच तं कोणीही लावते गा. सहावा सांग."

मी आज जो काही आहे तो आईवडिलांनंतर या एका माणसामुळे. ते नागपुरात आमच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि मला ते पाठ आहे. पण साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना बडेबाबूच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. सरकारी कचेरीत पाय ठेवलेल्या प्रत्येकानं एखादा बडेबाबू पाहिलेला असतो. भुतांच्या टोळ्या जुळवून देणारा मात्र तुम्ही पाहिला नसेल.

त्या काळात आमच्याकडे 'भुतावळ' नावाचा खेळ चालायचा. तो कोणी सुरू केला याची आवक-जावकच्या वहीत नोंद नाही. जुन्या फायलींच्या पुठ्ठ्याचे पत्त्याएवढे तुकडे कापायचे आणि आमच्या नकाशे गिरवणाऱ्या ट्रेसरकडून त्यांवर एकेक भूत काढून घ्यायचं: मुंजा, हडळ, वेताळ, चकवा, खवीस, गिऱ्हा, ब्रह्मसमंध. जो तो आपापली भुतं जमवायचा, अदलाबदल करायचा आणि मधल्या सुट्टीत सहा-सहा भुतांच्या टोळ्या एकमेकींवर सोडायच्या. हरणाऱ्यानं एक भूत द्यायचं. मधली सुट्टी एक ते दोन होती. ती साडेतीनपर्यंत लांबायची, कारण भुतं घड्याळ पाहत नाहीत.

नियम सोपा होता. मसणातलं भूत झाडावरच्याला जाळायचं, झाडावरचं वाटेवरच्याच्या मानगुटीवर बसायचं, वाटेवरचं पाण्यातल्याला भुलवून कोरड्यावर आणायचं आणि पाण्यातलं मसणातल्याची चिता विझवायचं. एवढ्याशा नियमात मॅट्रिक झालेली माणसं अडकून पडत. तेव्हा बडेबाबू टेबलाच्या खालच्या खणातून तक्ता काढत.

चार फुलस्केप कागद खळीनं जोडून केलेला तो तक्ता होता. उभी भुतं, आडवी भुतं. जिथे एकाचं दुसऱ्यावर चालतं तिथे निळी पेन्सिल, जिथे मार खातं तिथे लाल. खाली सहा खाचा कापलेली पुठ्ठ्याची पट्टी. तुमची पाच भुतं खाचांत खोवली की भगदाड कुठे राहिलं हे बडेबाबू वाचून दाखवत. मग तो अंगठा वर जाई. गंमत म्हणजे त्यांच्यापाशी स्वतःचं एकही भूत नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी खेळत नाही गा. मी जुळवतो."

हळूहळू कीर्ती पसरली. दुसऱ्या कचेऱ्यांतही भुतावळ पोचली आणि आमचा टेलिफोन वाजायला लागला. रामदासपेठेतल्या एका कचेरीचे बाबू तर रोज फोनवर.

"हां, बोला. पाच सांगा. मुंजा... हडळ... ब्रह्मसमंध... अन् आणखी दोन मुंजे? काहून गा भाऊ, सारेच झाडावरचे घेऊन राहिले तुमी? पुढच्यानं एक मसणातला सोडला तं झाडासकट राख! काय म्हणता? हडळ दिसाले चांगली काढली म्हणून घेतली? मंग फ्रेम करून घरी लावा न! सहावा गिऱ्हा घ्या. पाण्यातला. हां, लिहून घ्या."

समोरच्या बाकावर एक निवृत्त मास्तर आपल्या पेन्शनच्या कागदासाठी येऊन बसत. "साहेब, माझं काय झालं?" त्यांनी विचारलं की बडेबाबू टेलिफोनवर हात ठेवून म्हणत, "बसा मास्तर, लाईन चालू आहे." तिसऱ्या खेपेला मास्तरच तक्त्यात डोकावून म्हणाले, "चकवा घाला साहेब, पाण्याची बाजू उघडी आहे." बडेबाबूंनी त्याच दिवशी त्यांचा कागद हातावेगळा केला. पात्र माणसाची अडवणूक त्यांना सहन होत नसे.

धम्मदीक्षेच्या वेळी वडिलांनी मला खांद्यावर बसवून नागपूरला आणलं होतं. त्यानंतर मी आलो तो थेट या नोकरीला. वडील रेल्वेत गँगमन. आमच्या घराण्यातला मी पहिला बी. ए., तोही तालुक्याच्या शाळेतून घासत आलेला. कचेरीतल्या नऊ हंगामी कारकुनांत पदवीधर मी एकटा होतो आणि टेलिफोन वाजला की पाणी प्यायला उठणाराही मी एकटाच.

मला मसुदा लिहिता येत नव्हता. बडेबाबूंनी तो भुतांवर शिकवला. "प्रस्तुत प्रकरणी चकवा या भुताचा एकाच डावात दुसऱ्यांदा वापर अनुज्ञेय आहे किंवा कसे, याबाबत आदेश व्हावेत." हे माझ्या हातचं पहिलं निर्दोष टिपण. त्यांनी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, "आता भूत काढ अन् माणूस घाल. झाला मसुदा." पुढे आयुष्यभर मी तेच केलं.

मग वरून पत्र आलं. नऊ हंगामींपैकी सहा जणांना कायम करायचं, नावं कचेरीनं सुचवायची. उरलेल्या तिघांना महिनाअखेरीस रजा. आमचे साहेब बडेबाबू ठेवतील त्या कागदावर सही करत, म्हणजे सगळं त्यांच्याच हातात. वडिलांनी तर गावात केव्हाच सांगून टाकलं होतं की पोरगं पक्कं झालं.

बडेबाबूंनी आम्हा नऊ जणांच्या चिठ्ठ्या केल्या आणि तीच पट्टी पुढे घेतली. एकाचं टायपिंग वेगवान, एकाचं गणित पक्कं, एकाचं इंग्रजी बरं, एक साहेबांच्या बंगल्यावर ओळखीचा, एक कोणाशीही भांडायला तयार. पाच खाचा भरल्या. सहावी आठ दिवस रिकामी होती. मी रोज येताजाता त्या खाचेकडे पाहायचो.

नवव्या दिवशी दुपारी त्यांनी यादी लिहून काढली. टेबलावर दोन घड्या घातलेले कागद होते. एक आमची यादी, दुसरा रामदासपेठेच्या सामन्यासाठी जुळवलेली सहा भुतं. "यादी लिफाफ्यात टाक, साहेबांचा सही-शिक्का झालाय," ते म्हणाले, "अन् दुसरा चपराशाजवळ दे."

आपल्याच नोकरीचा प्रश्न आहे म्हणून यादीत डोकावायचं नाही, असं मी ठरवलं होतं. शाळेत मला तसंच शिकवलेलं. मी मान खिडकीकडे वळवली, हातानं चाचपून शिक्क्याचा कागद लिफाफ्यात घातला, तो चिकटवला आणि उरलेला कागद चपराशाकडे दिला. साहेबांनी त्या दिवशी समोर आलेल्या दोन्ही कागदांवर सही केली होती, दोन्हींवर शिक्का होता, हे मला ठाऊक नव्हतं.

तासाभरानं रामदासपेठेहून फोन आला. बडेबाबूंनी ऐकलं. पलीकडून मोठ्यानं विचारत होते, "बडेबाबू, ही कोणती नवी भुतं हो?" मग त्यांनी एकेक नाव वाचून दाखवलं असावं. बडेबाबूंचा चेहरा हलला नाही. सहाव्या नावापर्यंत त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फाडून टाका." टपाल तोवर गेलं होतं.

पंधरा दिवसांनी वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं. ते मी जन्मात विसरणार नाही.

बडेबाबूंची सवय अशी, की टोळी लिहिताना प्रत्येक भुतापुढे शेऱ्याचा रकाना भरायचे. वेताळ: नेतृत्व करतो. मुंजा: जागा सोडत नाही. चकवा: आलेल्यास फिरवत ठेवतो. गिऱ्हा: हाती लागलेलं परत देत नाही. खवीस: कोणास जुमानत नाही. ब्रह्मसमंध: विद्वान. वरच्या कार्यालयानं हे शेरे बारकाईनं वाचले होते आणि कळवलं होतं: "अ. क्र. १ ते ५ शासकीय सेवेस योग्य दिसतात. शिफारस मान्य. अ. क्र. ६ श्री. ब्रह्मसमंध यांच्या पदवीचे प्रमाणपत्र जोडलेले नाही. ते त्वरित सादर करावे."

साहेब तांबडेलाल झाले. "लिफाफा कोणी भरला?"

मी उभा राहिलो. बडेबाबूंनी माझ्याकडे न पाहता हात खाली केला. "बस गा तू." मग साहेबांना म्हणाले, "मीच भरला. डोळे गेले माह्ये."

मी बसलो.

त्यांनी त्याच टेबलावर शुद्धिपत्रक लिहिलं. "अ. क्र. १ वेताळ ऐवजी अमुक वाचावे, अ. क्र. २ मुंजा ऐवजी तमुक." पाच ओळी सरसर झाल्या. सहाव्या ओळीशी डावा अंगठा वर गेला. मग ते मला म्हणाले, "तुह्यं बी. ए.चं प्रमाणपत्र कचेरीतच आहे न?"

अशा रीतीनं मी सरकारी सेवेत कायम झालो. गावी जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पोट धरून हसले. "बामणाच्या भुताच्या जागी बसला तू? बस गा. आता उतरू नको."

बडेबाबूंवर मात्र ठपका आला. अधीक्षकाची जागा त्यांना मिळायची होती, ती हुकली. तक्ता साहेबांनी जप्त केला आणि त्याची रीतसर फाईल उघडली. ती अजून निकाली निघालेली नाही. तीन वर्षांनी ते हेडक्लार्क म्हणूनच निवृत्त झाले आणि मुलाकडे कन्हानला गेले.

त्यांना मी एकच पत्र लिहिलं, तेही फार उशिरा. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी कन्हानला गेलो तेव्हा त्यांच्या सुनेनं दारातच सांगितलं, "गेले न ते मागच्या पंधरवड्यात. तुमचं पत्र वाचलं व्हतं त्यायनं. उशीखालीच राहे." माझ्यापाशी त्याची कार्बनप्रत आहे. ठेवायची सवय त्यांनीच लावली होती.

"आदरणीय बडेबाबूंना सविनय नमस्कार.

सोमवारपासून मला तुमच्या टेबलावर बसवलं आहे. लोक बडेबाबू म्हणून हाक मारतात आणि मी मागे वळून तुम्हाला शोधतो.

तो लिफाफा मी भरला होता. तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तरी मी तोंडानं कधी म्हटलं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही बस म्हणालात आणि मी बसलो. उभं राहायला हवं होतं. उभा राहिलो असतो तर महिनाअखेरीस घरी गेलो असतो, हे तुम्हाला तक्ता न पाहता कळलं होतं.

तुमच्या खऱ्या यादीत सहावं नाव कोणाचं होतं, हे आता फक्त तुम्हालाच आठवत असेल. मी वर्षानुवर्षं विचारायचं म्हणत होतो. आता वाटतं, कळवू नका. माझं असेल तर मी फुगेन. दुसऱ्याचं असेल तर मी त्याच्या खुर्चीवर बसलो आहे, हे विसरू नये म्हणून न कळणंच बरं.

इथे पुन्हा हंगामींची यादी निघाली आहे. पाच लावले. सहावा दोन दिवस अडला होता. एक मुलगी आहे. टायपिंग कच्चं, टेलिफोन वाजला की उठून जाते. पण काल गोपनीय कागद लिफाफ्यात घालताना तिनं मान खिडकीकडे वळवली. लिफाफा मी पुन्हा उघडून पाहिला. कागद बरोबर होता.

सहावी म्हणून तिलाच लावतो आहे.

आपला,
अ. क्र. ६"