मिस्त्रींचे सहा पार

मिस्त्रींचं खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं छापून येई. बाकी अख्ख्या उपनगराला ते मिस्त्री. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती उभ्या केल्या, आणि काम सुटल्यावर घरात बसवेना म्हणून रहिवासी संघात गेले. संघ म्हणजे काय, तर महिन्यातून एकदा भांडायला जमणारी पंधरा-वीस माणसं. पण त्यांच्यामुळे कचऱ्याची गाडी वेळेवर येई आणि ओढ्यात राडारोडा टाकायला कुणी धजत नसे, हेही खरं. अध्यक्ष होत्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणत आणि सगळेच टरकून असत.

रस्त्याकडेच्या सहा मोठ्या झाडांना पार बांधायचे, ही कल्पना मिस्त्रींची. बुंध्याची माती वाहून जाते, गाड्या खोडाला घासतात, म्हाताऱ्यांना टेकायला जागा नाही; सगळ्यांवर एकच उतारा. संघानं ठराव केला आणि वर्षभर मिस्त्री एकटे राबले. बायको म्हणायची, "आपल्या मोरीची फरशी पाय ठेवला की डुगडुगते, अन् तुम्ही निघालात झाडांची घरं बांधायला!" मिस्त्री हसून थापी उचलत.

काम असं चोख, की विचारू नका. खोडाभोवती हातभर भर घातलेली, वर सिमेंटचा गिलावा अगदी सालीला भिडवलेला. "फटीत नख शिरवून दाखवा. तण उगवायला जागाच ठेवली नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. शेवटचा पार त्यांच्या घरासमोरचा. बायकोचे गुडघे गेले होते. ती काठी टेकत कशीबशी तिथवर येई आणि संध्याकाळभर रस्ता बघत, ओळखीच्यांना हाका मारत बसे. तिचं बाहेरचं जग तेवढंच उरलं होतं.

चौथ्या वर्षी पहिलं झाड वाळलं. मग दुसरं, तिसरं. संघानं कीड समजून फवारणी केली, उन्हाला दोष दिला, ओढ्याच्या पाण्याला दिला. पाचवं झाड तोडायला माणूस आला, तेव्हा मिस्त्री शेजारीच उभे होते. त्यानं बुंध्याजवळचं सिमेंट फोडलं, आत हात घातला आणि भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी साल ओंजळीत काढून दाखवली.

"हे बघा! खोड पुरून टाकलंय की हो. साल गुदमरून कुजली. चारी बाजूंनी अशी सुटली की झाड गेलंच समजा. वर दिसेल वर्षभर हिरवं, पण काही उपयोग नाही. कुणा शहाण्यानं बांधलं हे?"

मिस्त्रींनी ती साल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

पुढच्या बैठकीत ते उभे राहिले. "पाच झाडं मी मारली," म्हणाले. त्यांना वाटलं होतं, निदान बाई तरी फैलावर घेतील. पण बाईंनी चष्मा काढून पुसला. "मनाला लावून घेऊ नका, मिस्त्री. ठराव आम्हीच केला होता, टाळ्याही आम्हीच वाजवल्या." कुणी चहा पुढे केला, कुणी पाठीवर हात ठेवला. जो तो समजूत घालायला लागला आणि मिस्त्री आणखीच खचले. चार शिव्या परवडल्या असत्या. घरासमोरचा पार फोडायची परवानगी तेवढी त्यांनी मागून घेतली. एक तरी झाड आपल्या हातून वाचावं, एवढंच त्यांना आता हवं होतं.

बायकोला सांगणं बैठकीपेक्षा अवघड गेलं. "मग मी बसू कुठं?" तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "फोडा. मी खिडकीत बसेन."

सकाळी मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन बसले. पण फुटेल तर शपथ! काम त्यांचंच होतं. ना माल कमी घातलेला, ना कुठं हात आखडलेला. तळहाताला फोड आले. जरा कामचुकारपणा केला असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं. संघाची माणसं मदतीला आली, त्यांना त्यांनी लांबच उभं केलं. खोडाला घाव लागू नये म्हणून शेवटची माती त्यांनी बोटांनी उकरली.

साल लागली, ती मऊच. मिस्त्रींनी अंगठा दाबून पाहिला, तो आत गेला. मग गुडघ्यांवर सरकत सरकत त्यांनी खोडाभोवती पूर्ण फेरा घातला. वीत-वीत अंतरावर दाबून पाहिलं. अंगठा सगळीकडे आत गेला; सालीचा एक तुकडा सुटून हातात आला.

"वेळेवर झालं ना, मिस्त्री?" बाईंनी विचारलं. सगळे वर बघत होते. झाड पानांनी गच्च होतं.

"झालं," मिस्त्री म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीतून बायकोनं ओरडून विचारलं, "वाचलं का हो?"

तिच्याकडे न बघता मिस्त्रींनी होकारार्थी मान हलवली, हातातली साल खिशात कोंबली आणि झाडाला पाणी आणायला गेले.