रूथबाईचा रिकामा तुंबा

विसरवाडीत बातमी हायवेच्या ट्रकपेक्षा जोरात धावते, आणि तिला टोल लागत नाही. दगाच्या टपरीवर चहा उकळता उकळता निघालेली बातमी कप धुऊन होईपर्यंत फाट्यापलीकडच्या वस्तीत पोचलेली असते. मी म्हातारा माणूस, दिवसभर त्याच बाकड्यावर बसतो. बातमीला वाटेत थोडं मीठ-मिरची लागतं ते कुठून, हे विचारू नका.

या वैशाखात बातमी निघाली की रूथबाई सुरतला चालली. मुलाकडे, कायमची. पुरावा तर घरोघर होता, कारण रूथबाईनं आपलं बी वाटून टाकलं होतं.

रूथबाई म्हणजे दानियल मुकादमाची बायको. दानियलनं उभा जन्म ऊसतोडीच्या टोळ्या नेल्या. दिवाळी झाली की ट्रकभर माणसं बारडोलीच्या बाजूला न्यायची, उन्हाळ्यात परत आणायची. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं कोणी आलं तर तो अर्धा कोयता, आणि त्याला मुकादम तोंड वाकडं करूनच गाडीत घेतो. रूथबाई टोळीतली सगळ्यात तिखट बाई. मुकादमाचीच बायको, पण मुकादमानं कोणाच्या मोळ्या कमी धरल्या तर ती सगळ्यांदेखत पुन्हा मोजायची आणि वर विचारायची, "शाळेत गेला होतात की शाळेवरून गेला होतात?"

आता दानियलच्या डोक्यातून बरंच गळून गेलंय. पोराचं नाव गेलं. जेवलो की नाही, ते गेलं. बायकोही गेली. म्हणजे बायको समोर उभी असते, पण त्याच्या लेखी ती टोळीतली कोणीतरी बाई. राहिला तो फक्त ट्रक. दिवस कलला आणि हायवेवर हॉर्न वाजला की म्हातारा उठतो, गोधडी काखेत मारतो आणि म्हणतो, "चला, गाडी आली."

घर रस्त्याला लागून. रस्ता आता रुंद झालाय, आणि जुन्या मुकादमासाठी कोणी ब्रेक मारत नाही. एकदा दगानं त्याला भर रहदारीतून धरून आणला. आतली कडी तर तो डोळे मिटून काढतो, हातांना सगळं आठवतं. म्हणून नाताळात मुलगा रोशन आला तेव्हा त्यानं दाराला बाहेरून कडी बसवली आणि समोरच्या दिवलीबाईला सांगितलं, "काकू, संध्याकाळी लावत जा, सकाळी काढत जा." दिवलीबाई भली बाई. चौकशीत माझ्या तोडीची, फक्त ती पाणी भरता भरता चौकशी करते आणि मी बसून. तिनं एकही संध्याकाळ चुकवली नाही.

आम्हा सगळ्यांना दानियलचं भारी कौतुक. चर्चची मंडळी घरी प्रार्थनेला जमली की म्हातारा गाणी तोंडपाठ म्हणतो, एक कडवं इकडचं तिकडे होत नाही. "काय गोड गातो," असं म्हणत लोक चहा पिऊन उठायचे. जाताना रूथबाईला म्हणायचे, "तुमची सेवा मोठी." कोणासाठी प्रार्थना करायची, असं पाळक एकेकाला विचारत तिच्यापर्यंत आले की ती म्हणायची, "दानियलसाठीच करा." मग दानियलसाठी व्हायची.

नाताळापासून रूथबाईचा टोमणा गावात कोणाला बसला नव्हता. हे आमच्या लक्षात आलं होतं. आम्हाला वाटलं, उशिरा का होईना, शहाणी झाली.

तर बी. रूथबाईच्या पांढऱ्या वालाला आमच्याकडे मान आहे. ती ते राख लावून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरते आणि तुंबा दाराशेजारच्या खुंटीला टांगते. ते बी तिनं ओंजळ ओंजळ वाटलं. दगाची बायको गजराबाई हिलाही दिलं. दगा चहा गाळता गाळता म्हणाला, "काय मावशी, सुरतले जाई ऱ्हायनी ना? लिफ्टमा बसशी तवय डोया मिटी घे, नहीतं चक्कर यी."

रोशनची सुरतेत एक खोली, तीही भाड्याची. लिफ्ट दगानं आपल्या पदरची बसवली होती. एरवी रूथबाईनं त्याच्या चहाची, टपरीची आणि सासऱ्याचीही काढली असती. ती नुसतं "हो रे दगा" म्हणाली आणि गेली. तिला लाज वाटली, असं आम्ही ठरवलं.

शेवटी ती दिवलीबाईकडे गेली. भर दुपार, दानियल झोपला होता. दिवलीबाई ओट्यावर तूर निवडत होती. रूथबाईनं बी नाही, तुंबाच तिच्या पुढ्यात ठेवला. दिवलीबाईनं सवयीनं उचलून कानाशी हलवला. आवाज आला नाही.

आता इथलं नसेल त्याला सांगतो. आमच्याकडे बी मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही, पण तुंबा तळापर्यंत कोणी ओतत नाही. मूठभर राहतंच. लेक सासरी जाताना मूठ नेते. उसाला जाणारी बाई पदराला गाठ मारून मूठ नेते आणि तिकडे ताडपत्रीच्या झोपडीमागे दोन वेल लावते. जाणारी बाई बी ठेवून जात नाही, घेऊन जाते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण ओंजळीत फुकटचे वाल पडले की कोण विचार करतो?

"हा रिकामा गं," दिवलीबाई म्हणाली.

"धुऊन आणलाय. तुला होईल."

"आणि सुरतला काय नेशील?"

"तिथं कुठं जागा आहे लावायला."

"बारडोलीला कुठं जागा होती? गटाराच्या काठाला लावले होतेस वाल. मी खाल्लेत ते."

रूथबाई सुपातली तूर उगाच चाळवू लागली.

"रोशन कधी येतोय न्यायला?"

"रोशनला काही माहीत नाही."

दिवलीबाईनं सूप बाजूला सारलं. "रूथ, माझ्याकडे बघ. जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

असं तोंडावर आमच्याकडे कोणी विचारत नाही. विचारलं तर मनात नसलेलंही येतं, असा आमचा समज. पण तिनं विचारलं, आणि रूथबाईचे खांदे खाली आले, डोक्यावरची मोळी कोणी उतरवून घ्यावी तसे.

"मी आहे तोवर रोशन येणार नाही," ती म्हणाली. "मी नसले तर त्याला यावंच लागेल. म्हाताऱ्याचं नीट होईल."

"आणि तुझं?"

"माझं काय राहिलंय. तू संध्याकाळी कडी लावतेस, तेव्हा वाटतं पुरलं. सकाळी काढतेस, तेव्हा वाटतं, परत उकरलं कशाला?"

उपकार म्हणून जी कडी दिवलीबाई रोज लावत होती, तिच्या आत काय चाललंय हे तिनं कधी दार ढकलून बघितलं नव्हतं. दुपारभर तिनं रूथबाईला नजरेआड होऊ दिलं नाही. दिवस कलला तशी तिच्याबरोबर घरात शिरली आणि आतून आपल्या सुनेला हाक मारली, "सुनिता, आज कडी तू लाव."

"आई, तुम्ही आत? कशाला?"

"लाव म्हटलं ना. आणि सकाळी काढायची विसरलीस तर बघ."

पत्र्याचं घर, दिवसभराचं तापलेलं. हायवेवर हॉर्न वाजला. दानियल उठला, गोधडी काखेत. "चला, गाडी आली."

"ही दुसऱ्या टोळीची आहे," रूथबाई म्हणाली. "आपली मागून येतेय."

तो बसला. पुढचा हॉर्न वाजला, तो पुन्हा उठला. तेच वाक्य, तोच आवाज. मग दारावर लाथा, शिव्या, मग रडणं. मध्येच तो रूथबाईवर गुरकावला, "तू कोणाच्या कोयत्यातली?"

"तुमच्याच."

"माझी बायको गावाला आहे. तू एकटी. अर्ध्या कोयत्याला मी घेत नाही."

"घेऊ नका. बसा तरी."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. दिवलीबाईला पहिल्यांदा हसू आलं, मग घाम आला, मग दाराकडे सारखं बघावंसं वाटायला लागलं. रोशननं कडी छान घट्ट बसवली होती. शेवटी दानियलचं लक्ष तिच्याकडे गेलं. त्यानं दोघींना खालून वर न्याहाळलं.

"ही आली का जोडीला? मग झाला एक कोयता. बसा गाडीत." आणि तो गोधडी डोक्याखाली घेऊन आडवा झाला.

रूथबाई म्हणाली, "घे. म्हातारपणी तुझ्याशी लग्न लागलं माझं."

किती महिन्यांनी तिच्या तोंडून असलं काही निघालं. दिवलीबाई सांगते, हसू का रडू कळेना, म्हणून दोन्ही केलं.

सकाळी सुनितानं कडी काढली तशी दिवलीबाईनं अंगणातूनच रोशनला फोन लावला. मला मुद्दाम कान द्यावा लागला नाही.

"रोशन, तुझी आई जीव द्यायचं म्हणतेय. नाही, म्हाताऱ्याचं नाही, आईचं सांगतेय... सुट्टी मिळत नाही? तिला कधी मिळाली?"

तो आला. पोरगा वाईट नाही. बापानं त्याला ट्रकवाला समजून भाड्यावरून झाप झाप झापला, तेव्हा कोपऱ्याकडे तोंड करून बसला. त्यानं आईला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दानियलचे कागद बाजूला ठेवले आणि आधी रूथबाईला विचारलं, झोप लागते का, जेवण जातं का, मरावंसं वाटतं का. तिलाही गोळ्या दिल्या. हा आजार आहे म्हणाल्या, आणि सध्या तिला एकटं ठेवायचं नाही.

म्हणून काही सगळं फिरलं असं नाही. रोशन एका शनिवारी येतो, दोन चुकवतो. कडी बाहेरूनच आहे, हायवेही आहे तिथंच आहे. फक्त आता संध्याकाळी दिवलीबाई, सुनिता किंवा मंडळीतली कोणीतरी त्यांच्याबरोबर आत असते. पाळ्यांवरून भांडणं होतात, त्यांचा वृत्तांत माझ्याकडे आहे.

बी परत गोळा करायला दिवलीबाई घरोघर फिरली. गजराबाई म्हणाली, "त्यांची तं भाजी झाली. छान शिजले." दगाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बाजारातून पाकीट आणलं. रूथबाईनं फोडून हातावर घेतलं, गुलाबी औषध लावलेलं बी. "तुझ्या चहासारखं आहे रे दगा. नुसता रंग." दगा दिवसभर हे टपरीवर येईल त्याला सांगत होता, जसा काही सत्कार झाला.

इकडून तिकडून मूठभर वाल जमले. तुंबा पुन्हा खुंटीला लागला. दिवलीबाई सकाळी कडी काढली की आधी तो हलवते, बी वाजतं का ऐकते, मग सरळ विचारते, "आज मनात काय?" कधी रूथबाई म्हणते, "आज नाही." कधी म्हणते, "आहे." मग दिवलीबाई उंबऱ्यावर बसून राहते, घरी तिची भाकरी करपते आणि सुनिता माझ्याकडे तक्रार घेऊन येते.

काल पाळी सुनिताची होती. दिवलीबाई बाहेरून कडी सरकवत होती, तर आतून रूथबाईचा आवाज आला.

"दिवली, उद्या लवकर उघड. ऊन चढायच्या आत वाफा खणायचाय."

"आणि म्हातारा?"

"तोच खणेल. जन्मभर दुसऱ्यांकडून करून घेतलं मुकादमानं."

हायवेवर हॉर्न वाजला. आत दानियल म्हणाला, "चला, गाडी आली." दिवलीबाईनं कडी लावली.