दोन सुयांच्या मधले अकरा दिवस

आमची संकरित गाय दूध भरपूर द्यायची, पण व्याल्याला आठ महिने झाले तरी माजावर येईना. थोरल्या दिरांनी सांगून टाकलं, "दूध आटायच्या आत गाभण राह्यली तर बराबर, न्हाईतर बाजार." धार मी काढायची, शेण मी काढायचं, पण बाजाराचं मला कोण विचारतंय? नवरा जालन्याला लोखंडाच्या मिलमध्ये पाळीवर. घरातला शब्द थोरल्या दिरांचाच.

गुरांचे डॉक्टर आले, हात घालून तपासलं. म्हणाले, बीजांडकोशावर पिवळी गाठ बसलीय, ती माज येऊ देत नाही. ती विरघळवायला आज एक सुई, अकरा दिवसांनी दुसरी. दुसरीनंतर तीन दिवसांनी ते स्वतः येऊन नळीनं बीज सोडून गाय भरवणार.

"मधी माज आला तरी वळू दाखवू नका, मालक. गर्भ राहिला तर दुसरी सुई तो पाडील."

डॉक्टरांची गाडी वळली तसे दीर हसले. "गाय हाय का पेशंट? गावचा वळू फुकट उभा हाय अन् आपण सुया टोचून राह्यलो."

तिसऱ्या दिवशी धारेला बसले तर गाय हंबरत होती, दूध चोरत होती, शेपटीला चिकट तार लोंबत होती; माजावर आली होती. दुपारी दिरांनी तिला सोडून नेलं. आली तेव्हा पाठीवर चिखल आणि खुरांचे ओरखडे. न समजायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पाणी आणून पाठ मीच धुतली.

अकराव्या दिवशी डॉक्टर आले. सुई भरायच्या आधी त्यांनी विचारलं, "मधी वळू दाखवला का?"

"बिलकुल न्हाई," दीर म्हणाले.

मी हातात बादली घेऊन दाराआड उभी होते. थोरल्या दिरापुढं पदर कपाळापर्यंत ओढायचा, आवाज काढायचा नाही, हे आमच्याकडचं वळण. त्यांना खोटं पाडायचं, तेही वळूच्या गोष्टीवरून, परक्या पुरुषासमोर! मी पदर आणखी पुढं ओढला. डॉक्टरांनी सुई टोचली.

तीन दिवसांत गाय पुन्हा माजावर आली. वळूचं काही राहिलं असेल तर ते गेलं. डॉक्टरांनी भरवली, पण एकवीस दिवसांनी उलटली, गाभण न राहता परत माजावर आली. दिरांनी त्यांना परत बोलावलंच नाही. वाटूरच्या फाट्यावर चहा पीत सगळ्यांना सांगत बसले, "सुईनं गाय वाया घातली." आमच्या आळीत मंग कुणी गाईला सुई टोचू दिली नाही. मला राग दिरांचा आला, त्याहून जास्त माझा आला. एकच वाक्य बोलायचं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आता बोलून काय फायदा?" फायदा नव्हताच, पण त्यानं भावाला विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

दूध आटलं. बाजाराच्या दिवशी टेम्पो आला. दीर पुढून ओढत होते, एक जण मागून ढकलत होता, गाय पाय रोवून उभी.

"अगं ये, तुझंच ऐकती ती," दिरांनी मला हाक मारली.

मी पदर ओढला, कासरा हातात घेतला. माझ्या मागं ती दोन पावलांत चढली.