व्याह्यांच्या मानाचा सिगार

सत्तर सालच्या आसपास मी भाईंदरजवळच्या गोडदेवला एका चाळीत भाड्याने राहत होतो. मूळ रत्नागिरीचा, इथे स्टीलची भांडी करणाऱ्या कारखान्यात कारकून. चाळ गावातल्याच एका आगरी गृहस्थांची होती. त्यांना आम्ही सगळे नुसतं मालक म्हणायचो. त्यांचा थोरला मुलगा परदेशी बोटीवर स्वयंपाकी होता. त्या वर्षी मालकांच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं, आणि मुलगा सुटीवर येताना होणाऱ्या व्याह्यांसाठी सिगारची पेटी घेऊन आला.

पेटी मोठी देखणी होती. गुळगुळीत लाकडाची, आत पातळ कागद, आणि प्रत्येक सिगारला सोनेरी पट्टी. मालकांनी ती आधी देवापुढे ठेवली. आत तंबाखू आहे हे लक्षात आल्यावर घाईघाईने उचलून कपाटात ठेवली. अडचण एवढीच होती की पेटीवर इंग्रजीत एक शब्द छापलेला होता. मालकांनी मला बोलावून त्यावर बोट ठेवलं.

"ह्ये काय लिवलंय?"

"माइल्ड. म्हणजे सौम्य."

"म्हंजे कमी ताकदीचा माल?"

"तसंच काहीसं."

मालकांचा चेहरा उतरला. "व्याह्याला कमी ताकदीचा माल दिला तर तो काय बोलंल? पोरीवाल्यांनी सुरुवातीलाच पाणी घातलं, असं बोलंल."

"बाबा, बोटीवरचा कप्तान ह्योच ओढतो," मुलगा म्हणाला. "भारी हाय." पण पोटच्या पोराच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतो? मालकांना जाणकार हवा होता.

जाणकार माझ्या शेजारच्याच खोलीत राहत होते. काका गोदीतून निवृत्त झालेले. बोटीतून उतरलेली खोकी मोजायची, एवढंच त्यांचं काम असे. पण आयुष्यभर खोक्यांवरची चिठ्ठी वाचून वाचून त्यांना आतल्या मालाचंही ज्ञान झालं होतं. विलायती दारू, स्विस घड्याळं, फ्रेंच अत्तरं, कशावरही ते अधिकाराने बोलत. त्यांनी त्यातलं काही प्यायलं, बांधलं किंवा लावलं होतं का, हे विचारण्याचा उद्धटपणा चाळीत कुणी केला नव्हता.

रविवारी जेवणं झाल्यावर मालकांच्या ओट्यावर परीक्षा ठरली. काका इस्त्रीचा सदरा घालून आले. काकू आधीच येऊन मालकीणबाईंबरोबर लग्नाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. काकांनी सिगार कानाशी नेऊन बोटांनी दाबला, करकर ऐकली, मग मालकांच्या अडकित्त्याने टोक उडवलं. काडी पेटवून त्यांनी सिगार ज्योतीवर सावकाश फिरवला, पहिला झुरका घेतला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या पापण्यांकडे बघत राहिलो.

"बदाम," काका म्हणाले. "मागाहून मध. आणि अगदी शेवटी जुनं चामडं."

"चामडं?" मालक दचकले.

"उंची चामडं," काकांनी खुलासा केला आणि सिगार माझ्याकडे दिला. मी झुरका घेतला. मला तो लागला घरच्या गोठ्यातल्या सुक्या गवतासारखा, आणि वाईट अजिबात नव्हता. मी तसं सांगितलं.

"त्यालाच बदाम म्हणतात," काका म्हणाले.

मी मान डोलावली. पुढच्या झुरक्याला मला खरोखरच बदाम लागले. मालकांनाही लागले. मुलगा तर बोटीवर कप्तानाला काय काय लागतं ते सांगू लागला.

"पण साहेब," मालक मुद्द्यावर आले, "व्याह्याला देऊ का नको?"

काकांनी राखेकडे पाहिलं. "माल उत्तम आहे. पण शेवटी माइल्ड. पुरुषाच्या छातीला काही जाणवत नाही. परदेशात असले सिगार बायका ओढतात."

काकू तांदूळ निवडताना थांबल्या. आमच्या चाळीतल्या निम्म्या बायका रोज सकाळी मशेरी लावत, पण मशेरीला कुणी तंबाखू धरत नसे. काकूंनी हात पदराला पुसले आणि एक पुढे केला.

"आणा बघू."

"अहो, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"बायकांचा आहे ना? मग बायकांनीच सांगायला हवं."

काकांनी सिगार दिला, कारण न देण्याचं कारण त्यांनी स्वतःच काढून टाकलं होतं. काकूंनी झुरका घेतला, खोकल्या नाहीत, आणि भिंतीला टेकून बसल्या.

"वास बरा आहे," त्या म्हणाल्या. "पण आत काही उतरलेलं नाही. घाई झालेली दिसते. आमच्या आईच्या हातची सर नाही."

मी खाली पाहिलं. आमच्या दोन खोल्यांमध्ये पत्र्याची भिंत होती, आणि काकूंच्या आमटीबद्दल हेच शब्द मी काकांच्या तोंडून रोज जेवणाच्या वेळी ऐकत होतो.

"काय करायचं मग?" मालकांनी खरोखरच्या काळजीने विचारलं.

"टाकवत नाही म्हणून संपवते," काकू म्हणाल्या, आणि खरंच शेवटपर्यंत ओढला. काका उठून केबिन रोडला जरा फिरून येतो म्हणाले. त्या उन्हात केबिन रोडला काय होतं, कुणास ठाऊक.

शेवटी मालकांनी पेटी द्यायचं ठरवलं, पण 'माइल्ड'वर हळदीकुंकवाचं जाड बोट ओढून.

व्याही आले ते खाडीपलीकडून, मिठागरात काम केलेले, रुंद हाताचे. त्यांनी पेटी उघडली, सिगार उचलला, सोनेरी पट्टी काढून कौतुकाने करंगळीत घातली. काका काडी पेटवून सज्ज होते. व्याह्यांनी कमरेची चुन्याची डबी काढली, सिगारचा तुकडा तळहातावर चुरला, चुना लावला, अंगठ्याने मळला, टाळी मारून भुसा उडवला आणि चिमूट ओठामागे ठेवली.

काकांच्या हातातली काडी विझली.

"चांगला हाय," व्याही म्हणाले. "पन पानी मारून ठेवाया होवा व्हता. सुका पडलाय."

मालकांनी सुटकेचा इतका मोठा सुस्कारा सोडला की आतून मालकीणबाई बाहेर आल्या. व्याह्यांनी तळहात काकांपुढे धरला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. काकांनी चिमूट घेतली आणि पाहुणे जाईपर्यंत त्यांना थुंकायला जागा सापडली नाही. त्या दुपारी त्यांनी एकही मत दिलं नाही.

लग्न वैशाखात झालं, झकास झालं. मालकांचा मुलगा पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी लोकरीची ब्लँकेटं घेऊन आला. भाईंदरच्या उकाड्यात ती कुणी पांघरली नाहीत, पण फार ऊबदार आहेत असं चाळीतला प्रत्येक जण सांगायचा.