सोडायला जीव लागतो

मेंढरं घराकडं आली, त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या आणि वन्संचं अंग खाटेवरून उचललं गेलं. डोकं आणि टाचा तेवढ्या टेकलेल्या, मधली पाठ कमानीसारखी वर. तोंड हसत होतं. सगळे दात दिसत होते, भुवया वर चढल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घंटा थांबल्या की पाठ थोडी खाली यायची. एखादी मेंढी मान हलवायची, पुन्हा घंटा, पुन्हा पाठ वर. दारातल्या बाया म्हणाल्या, मेंढरं तिला न्यायला आलीत.

मिटल्या दातांतून वन्संनी मला विचारलं, "गोदे, मी मेले व्हय गं?"

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तरुणपणीच त्यांचा नवरा गेला, तेव्हापासून आमच्यातच. नांदूरघाटाच्या पुढं आमचं गाव, तिथं त्यांना सगळे चोळणारी म्हणत. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची पाठ धरली, कुणी बाळंत झालं की वन्संना बोलावणं. बाई मेली तरी अंघोळ घालायला त्याच. सकाळी मढं, दुपारी लेकरू, मधे साबण. मला किळस यायची. त्या म्हणायच्या, "अंग त्येच असतंय गं. तुला कावून शिसारी येती?"

त्यांना शाळा नव्हती. मी चौथी शिकलेली, म्हणून मला मास्तरीण म्हणून टोचायच्या. अंगाची माहिती त्यांना बकऱ्यापासून झाली होती. जत्रेचं बकरं कापलं की मांडीचा तुकडा हातात घेऊन दाखवायच्या. आत पेड, पेडात पेड, दोरखंड उकलल्यासारखे, आणि शेवटचा धागा केसाहून बारीक. ताज्या मांसाला मीठ लावलं की ते परातीत थरथरायचं. मी मागं सरायची. वन्सं त्यावर तळहात ठेवून म्हणायच्या, "मेल्याचं त्याला अजून कुनी सांगितलं न्हाई."

मांसाला ओढणं तेवढं येतं, ढकलणं येत नाही, असं त्या सांगायच्या. हात वाकवणारं मांस वेगळं, सरळ करणारं वेगळं. एकानं ओढलं की दुसऱ्यानं ढिलं पडायचं, नवरा-बायकोसारखं. दोघांनी संगट ओढलं की घर मोडलंच. पोटरीत गोळा आला की नुसतं दाबत बसायच्या नाहीत, पाऊल वर वळवून धरायच्या आणि वाट बघायच्या. "धरायचं काय, कुनीबी धरतंय. सोडायला जीव लागतो. मढ्यात त्यो नसतो, म्हनून त्ये ताठतं."

ते कसं ताठतं हेही त्यांनीच मला शिकवलं. माणूस गेलं की आधी सगळं ढिलं पडतं. मग जबडा आवळतो, मग मान, मग हात, शेवटी पाय. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं सुटत जातं. म्हणून लुगडं नेसवायचं ते जबडा आवळायच्या आत.

त्या साली लोकर कातरताना वन्संच्या पायाला कातर लागली. त्यांनी लेंड्यांची राख भरली, नेहमीसारखी. गावातली आशाताई म्हणाली, सुई घ्या. वन्संनी तिला चहा पाजला आणि सुई घेतली नाही. पुढं जखम भरली. मग एका सकाळी भाकरी तोंडात जाईना. दाढ असेल म्हणाल्या. मला जबडा चोळायला बसवलं. मी चोळत गेले तसा तो आणखी आवळत गेला. वन्संनी माझा हात बाजूला केला. नंतर मान ताठली. नंतर पाठ. त्या बोलत नव्हत्या, पण कुठून कुठं चाललंय हे त्यांना कळत होतं. मढ्याची वाट त्यांच्या अंगातून चालली होती आणि त्या जाग्या होत्या. म्हणून विचारलं, मी मेले का.

मी म्हणाले, न्हाई. तेवढ्यात माझ्या हातून पातेल्यावरचं झाकण पडलं आणि पाठ पुन्हा वर गेली. म्हणजे मेंढरं न्यायला आली नव्हती. कुठलाही आवाज त्यांना वाकवत होता. मी माझ्या लेकाला, संभाला सांगितलं, सगळ्या घंटा काढ. तो जागचा हलेना. आमच्या घरात माणूस गेलं तरच घंटा काढतात. सासरे गेले तेव्हा काढल्या होत्या, नवरा गेला तेव्हा काढल्या होत्या. "आई, आत्या जित्ती हाय की," तो म्हणाला. मी म्हणाले, ऱ्हावी म्हणूनच काढ.

त्यानं काढल्या. एवढी मेंढरं अंगणात आणि आवाज नाही. नुसते खुर. वन्संनी कान देऊन ऐकलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. त्यांना उत्तर मिळालं होतं.

पिकअपच्या काचांना घोंगडी बांधली, वन्संच्या कानात कापूस घातला आणि बीडला निघालो. मांजरसुंब्याला ट्रकनं भोंगा वाजवला तेव्हा माझ्या मांडीवर त्या लाकडाच्या ओंडक्यासारख्या झाल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी धनुर्वात सांगितला. आवळ म्हणणारी तार चालू आहे, सोड म्हणणारी बंद पडली आहे, म्हणाल्या. खोलीत अंधार केला. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. सगळ्या गावाला हात लावलेली बाई पडून होती आणि मी हात मांडीखाली घालून बसायची. दिवसाउजेडी त्या अंधारात त्यांचे दात तेवढे दिसायचे.

बऱ्याच दिवसांनी पाठ सुटली. मग मान. जबडा सुटला तेव्हा वन्संनी आधी पाणी मागितलं. मग म्हणाल्या, "मेलेलं बी सुटतंच की."

"मेलेलं सुटतं तवा घान सुटती," मी म्हणाले. "तुमच्या अंगाला फकस्त डेटॉलचा वास येतोय."

त्या हसल्या. ते हसू खरं होतं, पण मला ओळखायला वेळ लागला.

घरी आल्यावर संभानं घंटा पुन्हा बांधल्या. वन्सं जेवायच्या, शेळ्या बांधायच्या, माझ्या भाकरीला नावं ठेवायच्या. पण चोळणं सोडलं. शेजारीण नातू घेऊन आली तर हात पदराखाली घेतले. "मढ्याचे हात लेकराला लावत न्हाईत," म्हणाल्या, अगदी साधं बोलल्यासारखं. शेजारीण पुन्हा आली नाही. गावात कुजबुज झाली, की परत आलं ते दुसरंच काहीतरी आहे. मी त्या बायांना शिव्या दिल्या. पण शेजारी झोपलेल्या वन्संच्या पोटरीला मी कितीदा तरी हात लावून पाहिला, ऊन आहे का म्हणून. ऊनच असायची. एकदा त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "काय गं मास्तरीण, कळालं का?"

गेल्या उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या. अंघोळ मी घातली, दुसरं कुणी पुढं आलं नाही. अंग ढिलं होतं. लुगडं नेसवून मी जवळ बसले आणि जबड्यावर बोटं ठेवली. जबडा आवळला. मग मान, मग हात. पाय ताठले तेव्हा मी उठले.

माणूस एकदाच मरतं. त्या खेपेला वन्सं वाचल्या होत्या.