उंबरठ्यावरचे खडे

या सदरातले तुम्हा मंडळींचे अनुभव माझी नात मला वाचून दाखवते. आम्ही दोघी खूप हसतो, हे आधीच सांगते. पिंपळाखालची बाई, मागे वळून पाहू नको म्हणणारा म्हातारा... मला यातलं काहीही पटत नाही. तरुणपणी तर त्याहून पटत नव्हतं. आम्ही छप्पन सालानंतरचे बौद्ध. घरातले देव मोर्णा नदीत सोडून आलेलो. भूत, बाहेरची बाधा, उतारा हे शब्द आमच्या घरात कोणी काढले की सासूबाई त्याला पाणीसुद्धा विचारत नसत. तर हे मी का लिहिते आहे? परवा अमरावतीच्या आमच्या घराला नातवाने सीसीटीव्ही बसवला आणि विचारलं, "आजी, तुमच्या वेळी घर कसं राखायचे?" मी सांगायला लागले आणि मध्येच थांबले. ते थांबलेलं इथे पुरं करते.

गोष्ट साठ सालानंतरची, अकोल्यातली. जुन्या शहरात, मोर्णेच्या अलीकडच्या एका गल्लीत आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. पुढचं दार गल्लीत, मागचं दार नहाणीच्या छोट्या अंगणात आणि तिथून मागच्या बोळात. हे जिनिंगमध्ये फिटर. मी फायनल पास होऊन नगरपालिकेच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झालेली. आमच्या नात्यात पगार घेणारी पहिली बाई मीच, आणि तो तोरा इतका, की भाजी घेतानाही मी भाजीवालीचं शुद्धलेखन तपासत होते म्हणा ना. पावसाळा नसताना छत्री घेऊन चालायची. का, तर मास्तरणीच्या हातात काहीतरी हवं.

हा तोरा ज्यांच्या जिवावर चालला होता त्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणायची. आम्ही दोघं कामावर गेलो की आत्या पुढच्या दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसायच्या. मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. गल्लीतून कोणाच्याही चपला वाजल्या की मान वर न करता विचारायच्या, "कोन होय?" आणि जो कोणी असेल तो मुकाट्याने आपलं नाव सांगायचा. पोस्टमन सांगायचा, दूधवाला सांगायचा, मीही शाळेतून परतताना सांगायची, "मी होय आत्या, सुमन." त्याशिवाय पाय आत टाकायचा नाही. डाळीतले खडे त्या फेकत नसत. उंबरठ्यावर एकापुढे एक ओळीने मांडायच्या. वाण्याचं माणूस दिसलं की ती ओळ दाखवून म्हणायच्या, "पाय लेका, डाळीच्या भावात गोटे इकून राहिला." मग उठताना पायाच्या कडेने सगळे गल्लीत लोटायच्या. देव मोर्णेत सोडले तेव्हा शेजारच्या बायका हळहळल्या होत्या, की आता घर कोण राखेल. आत्या म्हणाल्या होत्या, "आतापावेतोबी मीच राखत होती."

हिवाळ्यात आत्या गेल्या. चार दिवसांचा ताप, बस. माणसं आली, गेली. मी रडले नाही. भांडी घासली, पाणी भरलं, शाळेत गेले. बायका म्हणाल्या, शिकलेली आहे, काळीज दगडाचं. मला त्याचंही काही वाटलं नाही. अंगावर कोणीतरी ओलं घोंगडं टाकून गेल्यासारखं होतं, त्याच्या आत मी आणि बाहेर सगळं.

आणि त्याच सुमारास गल्लीत दिवसाढवळ्या चोऱ्या सुरू झाल्या. कापसाचा हंगाम, माणसं जिनात नाहीतर बाजारात, घरं मोकळी. कोणाची तांब्याची घागर गेली, कोणाच्या वाळत घातलेल्या गोधड्या. यांचे थोरले भाऊ शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागा राखायचे. ते येऊन यांना सांगून गेले की बायकोला घरी बसव, घर बाईनेच राखायचं असतं. हे तसे भले माणूस. ओरडले नाहीत. जेवता जेवता म्हणाले, "मले तुह्या नोकरीचा जाच नाही. पन घर मोकळं टाकून दोघंबी जाऊन राहिलो. भांडेकुंडे गेले त खाऊ कायच्यात? महिनाभरात कायतरी बंदोबस्त पाय. नाही त शाळा सोड."

झालं. छत्रीवाल्या मास्तरीणबाई घराच्या संरक्षणाला लागल्या.

पहिल्यांदा मी अलीगढी कुलूप आणलं. बाजारातलं सगळ्यात मोठं. किल्ली एवढी की कमरेला खोचली तर चालताना मांडीला लागायची. त्या कुलपाकडे बघत मी दोन दिवस खूश होते. मग आमच्या समोर राहणाऱ्या जुबेदाबीने, तिचा नवरा पिंजारी, येऊन दाराचा कोयंडा नुसता दोन बोटांनी हलवला. तो भिंतीच्या मातीसकट हातात आला. "ताला तो अच्छा है," एवढंच म्हणाली ती.

मग माझ्या भावाने अंजनगावहून कुत्रा आणून दिला. दांडगा, काळा. त्याला जुबेदाबीकडच्या हाडांचा पत्ता पहिल्याच दिवशी लागला. त्यानंतर तो अत्यंत इमानाने राखण करायचा, तिच्या चुलीची. आमच्या दाराकडे पाहून शेपटी हलवायचा, ओळख आहे एवढं दाखवायला.

मग मी डोकं चालवलं. पुरुषाचे जोडे दारात दिसले की चोराला वाटेल घरात माणूस आहे. यांचे कामावरचे जोडे सोडून दुसरे, चांगले जोडे मी पुसूनबिसून पुढच्या दारात मांडले. संध्याकाळी जोडेच नव्हते. हे उंबरठ्याकडे बघून म्हणाले, "आता कायले ठेवतं भायेर? मलेच ठेव."

महिना सरत आला होता. शेवटी कोयंडे नवीन ठोकून घेतले. पुढच्या दाराला आतून अडसर, म्हणजे आडवा लाकडी दांडा घालायचा आणि मागच्या दाराने बाहेर पडून त्याला ते अलीगढी कुलूप लावायचं, असं ठरलं. पुढचं दार दिवसा बंद. आमच्या घराला ते कधी माहीत नव्हतं. सूप कोनाड्यात उभं करून ठेवलं, जिथे पूर्वी देव असायचे.

एके दिवशी मी भाकरीचं फडकं घरीच विसरले. मधल्या सुट्टीत परत आले. बोळातून अंगणात शिरले तर कुलूप खाली पडलेलं, नव्या कोयंड्यासकट. आणि नहाणीच्या दगडाशी एक मोठं गाठोडं. आत्यांच्या हिरव्या लुगड्यात बांधलेलं. एका बाजूने आमच्या पितळी परातीची कड बाहेर आली होती.

इथे मला भीती वाटली असं लिहायला हवं. वाटली नाही. माझ्या मनात एवढंच आलं की बरं झालं, आता ठरवायचं काही उरलं नाही, शाळा सोडायची. मी आत गेले. चोर आत असता तरी मी गेले असते, इतकी अक्कल तेव्हा माझ्यात होती.

आत उजेड होता. पुढचं दार उघडं होतं. अडसर काढून भिंतीला उभा केलेला, वरचं टोक कोनाड्याखाली टेकवून. आत्या तसाच ठेवायच्या, आम्ही दोघं तो खाली आडवा टाकायचो. दाराच्या चौकटीशी सूप होतं. सुपात डाळ, अर्धी निवडलेली, अर्धी न निवडलेली, मध्ये बोटांनी काढतात तशी वाट. डाळ मी पिशवीत बांधून फळीवर ठेवली होती. पिशवी फळीवरच होती, तोंड सोडलेलं.

आणि उंबरठ्यावर खडे. एकापुढे एक. ओळीने.

मी तिथे उभी राहिले. समोर जुबेदाबी तिच्या दारात कापूस हातात घेऊन उभी होती. तिने मला हाक मारली नाही. जरा वेळाने गल्ली ओलांडून आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सुमन, घर में कौन है?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"मैं पानी लेके आ रही थी. अम्मा ने पूछा, कोन होय. मैं बोली, मैं हूँ अम्मा, जुबेदा." तिने हातातल्या कापसाकडे पाहिलं. "अपने दरवाजे तक आ गई, घडा भी उतारा. फिर याद आया."

तेवढ्यात तिने मागच्या बोळातून कोणी तरी धावत गेल्याचं ऐकलं होतं. माणूस दिसला नाही. तिने आमच्या दाराकडे पाहिलं होतं का, असं मी विचारलं. तर म्हणाली, अम्मा दारात असताना वर कोण बघतं, नाव सांगायचं आणि पुढे जायचं.

मी मागे जाऊन गाठोडं आत ओढलं. हात धुतले. खड्यांना धक्का न लावता सुपाशेजारी बसून भाकरी खाल्ली. मग दार ओढून घेतलं, जुबेदाबीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि शाळेत गेले. दुपारी तिसरीला पाढे होते. ते घेतले.

संध्याकाळी हे आले. त्यांना मी सगळं दाखवलं, सांगितलं. त्यांनी गाठोडं पाहिलं, अडसर पाहिला. म्हणाले, सकाळी तूच डाळ निवडायला घेतली असशील, घाईत विसरलीस. मी म्हटलं, आणि अडसर? म्हणाले, चोराने काढला. आणि जुबेदाबी? तिला भास. मग खडे चोराने मांडले का, असं मी विचारलं. चोरी करता करता डाळ निवडणारा चोर असेल तर मी त्याला पगारावर ठेवायला तयार होते.

ते हसले नाहीत. उंबरठ्याजवळ उकिडवे बसले. म्हणाले, "बुढीनं आज वाण्याले सोडलं नसतं. लय खडे हायेत."

शाळा सोडण्याचा विषय त्या घरात परत कधी निघाला नाही. थोरल्या भावांसमोरही नाही. मी पुढे निवृत्त होईपर्यंत मास्तरीण राहिले. जुबेदाबीने कोणाकोणाला काय सांगितलं माहीत नाही, पण गल्लीतून जाणारी माणसं आमच्या दारासमोर आली की हळूच आपलं नाव पुटपुटायला लागली. मी स्वतः ऐकलं आहे. आमच्याकडे पुन्हा चोर आला नाही. कुलूप मी जुबेदाबीला दिलं, तिने ते कुत्र्याच्या साखळीला लावलं.

बंदोबस्त म्हणून मी एकच गोष्ट ठेवली. रोज सकाळी निघताना सुपात मूठभर डाळ घालून ते दाराशी आत ठेवायची. शिकलेली बाई, बौद्ध, बावीस प्रतिज्ञा पाठ. कोणी विचारलं तर सांगायची, संध्याकाळी घाई होते म्हणून काढून ठेवते. त्या घरात आम्ही होतो तोपर्यंत ठेवली. डाळ परत कधी निवडलेली सापडली नाही. एकदाही नाही. संध्याकाळी मीच निवडायची आणि खडे उंबरठ्यावर मांडायची.

काय झालं होतं ते मला आजही सांगता येत नाही. नातवाला मी एवढंच म्हटलं की आमच्या वेळी सूप होतं. तो हसला. त्याचा कॅमेरा कोण आलं ते बरोबर दाखवतो, पण विचारत नाही.

एक मात्र त्यालाही सांगितलं नाही. तेव्हा शाळेतून परत आले की मी मागच्या दाराने जायचं सोडून मुद्दाम पुढून यायची. दारासमोर थांबायची, चपला जोरात वाजवायची. एकदा, मग परत एकदा. गल्लीतल्या बायका बघत असायच्या, काहून वो मास्तरीणबाई, पायाले काटा रुतला का म्हणून. मी नाव ओठांवर तयार ठेवून उभी राहायची.

कोणी विचारलं नाही.