भेंडी चिरली म्हणून भोक?

"लेकरू अन् लेकराची माय, दोघांना तुमच्या घरी घेऊन जा," गयाबाई माझ्या टेबलापुढे उभ्या राहून सुनेच्या वडिलांना सुनावत होत्या. "जिच्या चुकीनं झालं, तिच्या बापानं निस्तरावं. आपरेशनच्या कागदावर आमची सही न्हाई."

सुनेचे वडील दिगंबरराव टोपी हातात घेऊन, मान खाली घालून उभे. गयाबाईंचा मुलगा बालाजी, म्हणजे बाळाचा बाप, आईच्या तोंडाकडे बघत होता. सून सुनीता बाळाला पदराखाली घेऊन रडत होती. चार घोट प्यायलं की बाळ धापा टाकत थांबायचं. कपाळावर घाम. तीन महिन्यांचं झालं तरी अंगावर मांस म्हणून नव्हतं.

मी हिंगोलीची बालरोगतज्ज्ञ. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला अजून नांदेड गाठावं लागायचं. तिथून रिपोर्ट आला होता: व्हीएसडी, मोठा. म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. शुद्ध रक्त त्यातून पुन्हा फुप्फुसात जातं, बाळ दमतं, दूध अंगी लागत नाही. औषधावर थोडे दिवस निभतं. पण एवढं मोठं भोक आपोआप बुजत नाही. ऑपरेशन हैदराबादला, तेही लवकर. उशीर झाला तर फुप्फुसं कायमची बिघडतात, मग कुणी सर्जन हात लावत नाही.

"चूक कसली?" मी विचारलं.

"आखाडी अवसेच्या गिरानात विळीवर बसली. पोटुशी असून भेंडी चिरली. पडला ना मंग लेकराच्या काळजाला छेद!"

"दोनच चिरल्या, आत्या," सुनीता मुसमुसत म्हणाली.

घ्या! हिनं कबुलीच देऊन टाकली. सासूपेक्षा मला तिचाच जास्त राग आला. पेशंटपेक्षा नातेवाईकच मला जास्त दमवतात. मी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि चित्र काढायला घेतलं.

"ग्रहणाला कितवा महिना होता?"

"सातवा."

"मग ऐका. पोटात बाळाचं हृदय आधी नुसती नळी असते. ती दुमडते, फुगते, मग तिच्या आत भिंती वाढतात. खालून एक, वरून एक. मधोमध जुळल्या की दोन कप्पे वेगळे. या लेकराच्या भिंती पुरत्या जुळल्याच नाहीत. आणि हे सगळं काम दुसरा महिना सरता सरता उरकतं. बाईला दिवस गेलेत हे नीट कळतही नाही तोवर. सातव्या महिन्यात तिनं भेंडी चिरली काय अन् भोपळा फोडला काय, भोक आधीच राहिलेलं होतं."

मला वाटलं, मिटलं. गयाबाईंनी बोटांवर हिशेब केला.

"दुसरा महिना म्हंजे शिमगा. शिमग्याला तर ही माहेरी होती!" त्यांचा चेहरा खुलला. "व्हय, बराबर हाय. तिथंच काहीबाही खाऊ घातलं आसंल. माझी भावजय पहिल्यापासून तशीच."

मी पेन खाली ठेवलं. "भावजय? दिगंबरराव तुमचे कोण?"

"सख्खा भाऊ. मीच मागून आणली पोरगी. बाहेरची कशाला, म्हनून."

आमच्याकडे सगळ्याच सुना सासूला आत्या म्हणतात, मामाची मुलगी करणंही रीतीचंच. सुनीताची तर ही खरोखरची आत्या निघाली. क्षणभर वाटलं, बाईला चांगलं सुनावावं. पण जेवढं खरं होतं तेवढंच सांगितलं.

"जवळच्या नात्यात लग्न झालं की असे दोष जरा जास्त दिसतात. इथं तेच कारण आहे, असं छातीठोक सांगता यायचं नाही. बाहेरच्या लग्नातही होतं. पण तुमच्याकडून आलं की माहेराकडून, हे मात्र विचारू नका. दोन्हीकडे रक्त एकच."

दिगंबररावांनी पहिल्यांदा मान वर केली. गयाबाईंनी पदर सावरला, खुर्ची ओढली आणि बसल्या.

"मंग आता कशाला उकरून राहिले तुमी?" त्या माझ्यावरच खेकसल्या. "हैदराबादेला कवा निघायचं ते सांगा."

"आणि सही?"

"बालाजी करंल की! बाप हाय न्हवं त्यो?"

ऑपरेशन झालं. भोकावर ठिगळ बसलं. छातीवर व्रण घेऊन पोरगं परत आलं आणि वर्षभरात वजनाच्या काट्यावर उभं राहायला नको म्हणून माझ्या दवाखान्यात पळापळ करायला लागलं. मी एवढं शिकले की कारण शोधायचा उत्साह दोष दुसऱ्याच्या दारात जातोय तोवरच असतो.

पुढे काही वर्षांनी गयाबाई धाकट्या मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. मुलगी कळमनुरीकडची. नाव वाचलं, नात्यातली दिसेना.

"काहून हो? सुनीताच्या पाठची बहीण होती ना लग्नाची?"

"उंची जुळली न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पत्रिकेवर अक्षता ठेवल्या.

त्या बहिणीला मी पाहिलं होतं, मुलालाही. उंची छान जुळत होती. लग्नाला गेले, पोटभर जेवून आले.